साथींचा इतिहास : ऐकावा, पण थांबून थांबून

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात रोगजंतूंचा इतिहास बहुधा तीन-चार नावांत संपतो. जेन्नर, पाश्चर, कॉख आले, त्यांनी शोध लावले आणि रोग हटले, अशी विद्यार्थ्याची समजूत होते. त्या शोधांआधी शहाणीसुरती माणसे काय मानत होती आणि का मानत होती, हे विचारायला तासिकेत वेळ उरत नाही. ही उणीव भरून काढू शकेल अशी एक ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानमाला अमेरिकेतील येल विद्यापीठाने सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आहे. शिक्षकांनी ती ऐकावी असे आम्हांस वाटते. मात्र ती जशीच्या तशी वर्गात लावून देऊ नये, असेही वाटते.

आपल्या वर्गांतील निवडक व्याख्याने खुली करण्याचा उपक्रम येलने डिसेंबर २००७ मध्ये सुरू केला. त्यात इतिहासाचे प्राध्यापक फ्रँक स्नोडेन यांचा १६०० नंतरच्या पाश्चात्त्य समाजातील साथींवरचा अभ्यासक्रम आहे. २०१० साली प्रत्यक्ष वर्गात चित्रित झालेले हे २६ तास. हिपॉक्रेटिस व गेलन यांच्या विचारांपासून सुरुवात होऊन प्लेग, देवी, पटकी, उपदंश, हिवताप, क्षय, इन्फ्लुएंझा, एड्स, पोलिओ अशा क्रमाने माला सार्सपर्यंत येते. स्नोडेन मूळचे इटलीच्या इतिहासाचे अभ्यासक. नेपल्समधील पटकीवर (१९९५) आणि इटलीतील हिवतापाच्या निर्मूलनावर (२००६) त्यांची पुस्तके आहेत. साथ आकाशातून पडत नाही; समाजाची घरे, पाणी, मजुरी आणि युद्धे तिला वाट करून देतात, हे या मालेचे मुख्य सूत्र आहे.

आमच्या मते मालेचा सर्वांत मोलाचा भाग मधल्या व्याख्यानांचा आहे. त्यांत घाणीपासून रोग होतो हे मत, संसर्गवादी व संसर्गविरोधी यांचा वाद आणि शेवटी जंतुसिद्धान्त असा क्रम लागतो. सडक्या घाणीतून निघणाऱ्या दूषित हवेने रोग होतो, असे इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक मानत. हे मत चुकीचे होते. पण १८४२ च्या त्यांच्या अहवालातून जी स्वच्छतेची चळवळ उभी राहिली, तिने गटारे बांधली, शुद्ध पाण्याची मागणी रुजवली आणि असंख्य जीव वाचवले. चुकीच्या सिद्धान्तातून उपयुक्त काम कसे घडले, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गातही चांगला रंगेल.

त्याच्या जोडीला शिक्षकाने म्युनिकच्या माक्स पेटेनकोफर यांची गोष्ट सांगावी. पटकीला केवळ जंतू पुरेसा नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी १८९२ मध्ये पटकीच्या जंतूंचे संवर्धन स्वतः पिऊन दाखवले. त्यांना किरकोळ जुलाबांपलीकडे काही झाले नाही! मग कॉख चुकले की काय? एका माणसावरच्या एका प्रयोगाने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे समजावण्यास यासारखे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल.

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव चौकटीची. ‘पाश्चात्त्य समाज’ ही मर्यादा अभ्यासक्रमाने स्वतःच घातली आहे. पण रोग अशी सीमा पाळत नाहीत आणि रोगांचे विज्ञानही पाळत नाही. पटकीच्या जंतूवरील आपले काम कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात पूर्णत्वास नेले. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी दिसले ते १८९७ मध्ये सिकंदराबादेत. पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले.

मालेत प्लेगवर तीन व्याख्याने आहेत. त्यांच्या शीर्षकांत मुंबई नाही. स्नोडेन यांचे या अभ्यासक्रमावर आधारलेले पुस्तक २०१९ मध्ये निघाले, तेव्हा त्यात हाँगकाँग व मुंबईच्या साथीला स्वतंत्र प्रकरण मिळाले. तोवरचा भाग आपण जोडायचा आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग ओळखणारे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस, ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेणारे हाफकिन, रुग्णांची सेवा करताना मार्च १८९७ मध्ये प्लेगने दगावलेल्या सावित्रीबाई फुले, पुण्यातील सक्तीच्या झडत्या आणि त्यातून उसळलेला रोष. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा २०२० च्या कोविड साथीतही वापरला गेला. साथ आणि समाज यांचे नाते शिकवायला आपल्याला नेपल्सपर्यंत जाण्याची गरज नाही.

दुसरी उणीव काळाची. व्याख्यान गोठते, ज्ञान गोठत नाही. पोलिओ-निर्मूलनातील अडचणींवरचे व्याख्यान झाले तेव्हा पोलिओ मुळातून न गेलेल्या चार देशांत भारत होता. आपल्याकडील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. चौदाव्या शतकातील ‘काळ्या मृत्यू’चा जंतू नेमका कोणता यावरही तेव्हा वाद होता. २०११ मध्ये लंडनच्या जुन्या दफनभूमीतील सांगाड्यांतून त्या जंतूचा जनुकसंच जुळवण्यात आला आणि तो प्लेगचाच ठरला. हा वक्त्याचा दोष नव्हे. पण विद्यार्थ्याला पडद्यावरचा माणूस आजच बोलत असल्यासारखा वाटतो. म्हणून फळ्यावर आधी व्याख्यानाचे साल लिहावे आणि ‘यानंतर काय बदलले?’ हा गृहपाठ द्यावा.

तिसरा मुद्दा ही व्याख्याने कोणापर्यंत पोचतात याचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने मार्च २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक मुद्रणे सार्वजनिक वापरातून काढून घेतली. कर्णबधिरांना ती समजतील अशी सोय त्यांत नाही, असा ठपका अमेरिकी न्याय विभागाने आधी ठेवला होता. तक्रार रास्त होती. उपाय मात्र सर्वांचेच कान बंद करणारा होता. २०२२ मध्ये विद्यापीठाने समझोत्याने आपले साहित्य सर्वांना वापरता येईल असे करण्याचे मान्य केले. येलने प्रत्येक व्याख्यानाची लेखी संहिता दिली आहे, हे म्हणूनच महत्त्वाचे. ज्याला ऐकू येत नाही त्याला ती हवीच. आणि भरभर इंग्रजी कानावर पडताच गोंधळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यालाही ती हवी.

या संहितेचा आणखी एक उपयोग आहे. बाहेरून घेतलेली चित्रे वगैरे वगळता बहुतेक साहित्याचा परवाना असा आहे की श्रेय देऊन, नफा न कमावता आणि त्याच अटींवर, कोणीही त्याचे भाषांतर करून वाटू शकतो. शाळेतील दोन शिक्षकांनी मिळून एक व्याख्यान निवडावे, त्यातील सात-आठ मिनिटांचा भाग मराठीत उतरवावा, आपल्या गावातील साथीची माहिती जोडावी आणि मगच वर्गात न्यावे. वृद्धांच्या आठवणी, नगरपालिकेची जुनी दप्तरे, गावच्या वेशीवरची मरीआईची देवळे ही सामग्री आपल्याजवळच आहे. येलच्या वर्गात ती नव्हती.