सत्तेचे इंग्रजी शब्द आणि खानदेशातील परीक्षार्थी

नरडाणा हे शिंदखेडे तालुक्यातील गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावर आणि मुंबई–आग्रा रस्त्यावर वसलेले आहे. या गावच्या परिसरातील काही विद्यार्थी राज्यसेवा परीक्षेची तयारी करीत असता त्यांच्या इंग्रजीच्या वह्या पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि परीक्षेसाठी इंग्रजी असा या मुलांचा त्रिविध भाषाव्यवहार आहे. एका वहीत 'शासनविषयक शब्द' या मथळ्याखाली पाठ करण्यासाठी पुढील जोड्या उतरवून घेतलेल्या होत्या : पॉवर म्हणजे सत्ता, ऑथॉरिटी म्हणजे सत्ता, अधिकार; गव्हर्न्मेंट म्हणजे शासन, रूल म्हणजे शासन, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे शासन, प्रशासन. त्याच पानाच्या तळाशी या शब्दांचा उपयोग करून लिहिलेले एक वाक्य होते : 'द न्यू कलेक्टर हॅज कम टु पॉवर इन धुळे.'

व्याकरणाच्या कसोटीवर या वाक्यात काहीही उणे नाही. कर्ता, क्रियापद, काळ, शब्दयोगी अव्यय ही सर्व जागच्या जागी आहेत. तरीही इंग्रजी जाणणाऱ्यास ते वाचून हसू येईल, किंवा धुळ्यात काही राज्यक्रांती घडली की काय अशी शंका येईल. निवडणूक जिंकून पक्ष 'पॉवर'मध्ये येतो, बंड करून सेनापती येतो. बदलीच्या हुकमाने आलेला अधिकारी येत नाही. विद्यार्थ्याची चूक इतकीच की त्याने वहीवर विश्वास ठेवला. वहीने त्यास सांगितले की पॉवर म्हणजे सत्ता. आणि जिल्हाधिकाऱ्याच्या हाती सत्ता असते हे त्यास कोणी सांगावयास नको होते, ते तो सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून दुष्काळाच्या अनुदानापर्यंत पाहतच आला होता.

परीक्षार्थींसाठी छापल्या जाणाऱ्या शब्दसंग्रहांचे परीक्षण करावयाचे ते या वाक्यापासून करावे असे मला वाटते. हे संग्रह अमुक एका प्रकाशकाचे म्हणून सदोष आहेत असे नाही. दोष पद्धतीचा आहे, आणि त्या पद्धतीस इतिहास आहे.

राज्यकारभाराच्या शब्दांची जोडयादी करण्याची परंपरा मराठीत साडेतीन शतकांची आहे. शिवकालात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारात रूढ असलेल्या सुमारे चौदाशे फारसी व दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले असून राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशा दहा वर्गांत त्यांची मांडणी केलेली आहे. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्याचा प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि डबिराचा सुमंत झाला तो याच दृष्टीतून. पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने हेच कार्य इंग्रजी आणि फारसी या दोहोंच्या बाबतीत हाती घेतले. माधवराव पटवर्धनांनी 'भाषाशुद्धिविवेक' १९३८मध्ये लिहिला. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६०मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२मध्ये पदनाम कोश निघाला. आचार्य अत्र्यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून संभावना केली ती सर्वांच्या स्मरणात आहे. तथापि त्या कोशातील बहुसंख्य पदनामे आज कोणास विचित्र वाटत नाहीत हेही नमूद करावयास हवे. विनोदाचा विजय तात्कालिक ठरला, कोशाचा टिकाऊ.

या सर्व कोशांची एक दिशा होती. परक्या भाषेतील शब्द कारभारात आधीच होता, त्याचा अर्थ वापरणाऱ्यास ठाऊक होता. त्याच्या जागी कोणता स्वकीय शब्द वापरावा याचा निर्णय कोश देत असे. कोश अर्थ शिकवीत नव्हता, प्रमाण ठरवीत होता. मंत्रालयातील भाषांतरकारास 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' म्हणजे काय हा प्रश्न पडत नाही. फाइलीवर 'प्रशासन' लिहावे की 'कारभार' हा पडतो. या प्रश्नास एक शब्दाचे उत्तर पुरे होते, किंबहुना एकच शब्द दिला तरच ते उत्तर उपयोगी पडते. परीक्षेचे शब्दसंग्रह नेमकी हीच सामग्री उचलतात आणि उलटी करतात. जो इंग्रजी जाणतो त्याच्यासाठी केलेली यादी, जो इंग्रजी शिकतो आहे त्याच्या हाती देतात. विहिरीत उतरण्यासाठी केलेल्या पायऱ्या आडव्या टाकून नदी ओलांडता येईल असे समजण्यासारखे हे आहे.

यादी सर्वत्र निरुपयोगी असते असे मात्र नाही. विधेयक आणि बिल, अधिनियम आणि अ‍ॅक्ट, राज्यपाल आणि गव्हर्नर या जोड्यांत दोन्ही बाजूंना एकच घटनात्मक वस्तू आहे. तेथे पाठांतर पुरेसे आहे. पदनामांकडे वळताच मात्र अडचण सुरू होते. लोकसभेचा अध्यक्ष इंग्रजीत स्पीकर, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष प्रेसिडेंट, आणि भारताचा प्रेसिडेंट मराठीत राष्ट्रपती. पंचायत समितीचा सभापती चेअरमन, राज्यसभेचा आणि विधान परिषदेचा सभापतीही चेअरमन. शिंदखेड्याच्या मुलाने पंचायत समितीचा सभापती पाहिलेला असतो, राज्यसभेचा नव्हे; त्याचे अनुमान खालून वर जाते, संग्रहाचे वरून खाली येते. १९६१च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमातील पदे दिल्लीतील पदांच्या शेजारी ठेवून दाखविणारा एक तक्ता या संग्रहांत असता तर किती सोय झाली असती! मी पाहिलेल्या एकाही संग्रहात तो नाही.

खरा गुंता सत्तावाचक सामान्यनामांचा आहे. मराठीतील 'अधिकार' हा शब्द घ्या. अधिकारांचे प्रदान होते तेव्हा तो पॉवर असतो. 'या विषयात त्यांचा अधिकार मोठा' म्हणतो तेव्हा ऑथॉरिटी. माहितीचा अधिकार म्हणतो तेव्हा राइट. २००५च्या केंद्रीय कायद्याचे नाव मराठीत माहितीचा अधिकार अधिनियम असे आहे, तर २०१५च्या महाराष्ट्राच्या कायद्याचे लोकसेवा हक्क अधिनियम. इंग्रजीत दोन्हीकडे राइटच. दहा वर्षांच्या अंतराने एकाच संकल्पनेस दोन शब्द मिळाले, आणि त्यांतील अरबी वंशाचा 'हक्क' अधिक नेमका आहे. कारण तो अधिकाऱ्याजवळ जाऊन बसत नाही. ज्या भाषेत नागरिकाचा राइट आणि साहेबाची पॉवर यांस एकच शब्द आहे, त्या भाषेच्या विद्यार्थ्यास हे दोन इंग्रजी शब्द केवळ समानार्थकांच्या यादीतून देणे ही भाषिक चूक तर आहेच, नागरिकशास्त्रातीलही चूक आहे.

'शासन' शब्दाची अवस्था याहून बिकट आहे. तो गव्हर्न्मेंटही आहे, रूलही आहे, आणि 'गुन्हेगारास शासन झाले' यात शिक्षाही आहे. त्यामुळे 'टु गव्हर्न' या क्रियापदास 'शासन करणे' हा पर्याय दिला की मराठी कानास छडीचा आवाज ऐकू येतो. सावरकरांनी कायद्यास सुचविलेला 'निर्बंध' हा शब्द याच कारणाने त्या अर्थी रुजला नसावा असे माझे मत आहे : तो कायद्याची एकच बाजू, अडविण्याची, सांगतो. आज तो केवळ बंदीच्या अर्थाने उरला आहे. २०२०च्या साथीत तो घरोघर पोहोचला तो त्याच अर्थाने.

येथे तुलनेसाठी एक दूरची भाषा आणावीशी वाटते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहत असत, त्यांच्या मुलांसाठी पोलिश शाळा होत्या, आणि छावणी उठल्यावर त्यांतील अनेक कुटुंबे इंग्लंडात स्थायिक झाली. पोलिश मातृभाषा असणाऱ्यास सत्तेचे इंग्रजी शब्द कसे दिसतात? त्याच्या भाषेत 'व्वाद्झा' हा एकच शब्द पॉवर आणि ऑथॉरिटी या दोहोंस पुरतो, आणि त्याचेच अनेकवचन राज्यकर्त्या यंत्रणेसही लागते. 'पॉलितिका' हा शब्द पॉलिटिक्सही आहे आणि पॉलिसीही. म्हणजे ज्या ठिकाणी पोलिश विद्यार्थी हमखास अडखळतो त्या ठिकाणी मराठी विद्यार्थ्यास वाट मोकळी आहे. राजकारण आणि धोरण यांची गल्लत आपल्याकडे शाळकरी मूलही करीत नाही. उलट राइट आणि पॉवर यांचा गोंधळ पोलिश मुलास होत नाही. त्याच्याजवळ राइटसाठी निराळा शब्द आहे, मात्र तोच त्यास कायद्यासाठीही वापरावा लागतो.

सर्वांत रमणीय उदाहरण 'पान्स्त्फो' या शब्दाचे. 'पान' म्हणजे धनी, मालक. त्यापासून सिद्ध झालेला हा शब्द राज्यसंस्थेचा वाचक आहे, आणि सभेतील स्त्रीपुरुषांना आदराने संबोधण्यासही तोच वापरतात. आपल्या 'सरकार' शब्दाशी याचे साम्य पाहा. गव्हर्न्मेंट म्हणजे सरकार, आणि वाड्यावरच्या धन्यास हाक मारावयाची तीही 'सरकार'. दोन अगदी भिन्न इतिहासांत राज्य आणि मालक यांची एकच नाममुद्रा झाली. इंग्रजीतील स्टेट वा गव्हर्न्मेंट यांत ही छटा नाही. मातृभाषेतून आलेली ही छटा विद्यार्थी इंग्रजी वाक्यात नकळत घालतो, आणि 'सरकारना माणूस' असे ज्यास घरी अहिराणीत म्हणतात त्याच्याविषयी लिहिताना तो त्यास सत्तारूढ करून मोकळा होतो.

वळिवड्याच्या मुलांसाठी आणि नरडाण्याच्या मुलांसाठी एकच संग्रह चालणार नाही हे यावरून उघड व्हावे. पोलंडच्या शालान्त परीक्षेत, जिला तेथे मातुरा म्हणतात, इंग्रजीसाठी नेमलेल्या विषयांत 'राज्य आणि समाज' हाही एक विषय राहिला आहे. तेथील विद्यार्थ्यास जेथे खबरदार करावयाचे ती स्थळे वेगळी, आपल्याकडील वेगळी. शब्दसंग्रह शिकणाऱ्याच्या भाषेपासून निघाला पाहिजे. आपल्याकडील संग्रह इंग्रजी वर्णानुक्रमापासून निघतात, त्यामुळे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन पहिल्या पानावर आणि स्टेट शेवटच्या पानांत जाऊन पडते; ज्यांची परस्परांशी तुलना करावयाची त्यांची भेटच होत नाही.

स्टेटची गोष्टही सांगण्यासारखी आहे. भारतीय संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात स्टेट म्हणजे घटकराज्य, बाराव्यात त्याच शब्दात केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारे आणि स्थानिक प्राधिकारी या सर्वांचा समावेश. राज्यशास्त्राचे आपले प्राध्यापक यासाठी 'राज्यसंस्था' शब्द योजतात तो अगदी योग्य. परंतु संग्रहात फक्त 'राज्य' असते. रिपब्लिकचीही तीच कथा : उद्देशिकेत गणराज्य, सव्वीस जानेवारीस प्रजासत्ताक. अमेरिकी बातम्यांतील अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे राष्ट्राध्यक्ष व त्यांचे सहकारी, आपल्या 'प्रशासना'त येतात ते कायम नोकरीतील अधिकारी. आपली वृत्तपत्रे डोळे मिटून 'प्रशासन' छापतात आणि विद्यार्थी तेथूनच उचलतो.

आता बोलीकडे वळू. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात १९०७मध्ये खानदेशीस मराठीपासून वेगळे काढून भिली भाषांच्या शेजारी बसविले. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते निराळ्या गोष्टीकडे. या भागातील बोलण्यात कारभाराचे इंग्रजी शब्द विपुल आहेत आणि त्यांतील कित्येक आपल्या मूळच्या संगतीसह आलेले आहेत. जिल्हाधिकारी हा शब्द अर्जापुरता, बोलण्यात कलेक्टर. ऑर्डर 'निघते', माणूस 'सस्पेंड होतो', मीटिंग 'बोलावतात'. काही शब्द फसवेही आहेत. चष्म्याला पावर असते, पुढाऱ्याला पावर असते, आणि पावर गेली की पंपही बंद पडतो. 'पॉलिटिक्स करणे' म्हणजे केवळ कपट करणे. 'जीआर' निघाला की त्यास वृत्तपत्रातही 'अध्यादेश' म्हटलेले आढळते. वस्तुतः अध्यादेश, ज्यास जुनी पिढी वटहुकूम म्हणे, तो राज्यपालांनी संविधानाच्या २१३व्या अनुच्छेदाखाली काढावयाचा, आणि शासन निर्णय हा मंत्रालयातील विभागाने काढलेला असतो. या एका गोंधळापायी परीक्षेतील पूर्ण प्रश्न हातचा जातो.

शिक्षकांपैकी काहींचे म्हणणे असे की, विद्यार्थ्यास वेळ थोडा, जागा मोजक्या, स्पर्धा तीव्र. त्यास याद्याच हव्यात, भाषाशास्त्र नको. या म्हणण्यात तथ्य आहे. मी स्वतः काही वर्षे अशाच याद्या फळ्यावर लिहून दिल्या आहेत, आणि त्यांतील संस्कृत पर्यायांच्या देखणेपणाचा मला अभिमानही वाटत असे. परंतु यादी करावयाचीच तर शब्दांची न करता शब्दसंगतींची का करू नये? होल्ड ऑफिस म्हणजे पदावर असणे, कचेरी धरून ठेवणे नव्हे. एक्सरसाइज पॉवर म्हणजे अधिकार वापरणे. पॉवर ओव्हर कोणावर आणि पॉवर टु काय करण्याचा. पाठांतराचे श्रम तेवढेच पडतील, आणि वाक्ये उभी राहतील.

त्या विद्यार्थ्यास मी विचारले, धुळ्यास नवे साहेब आले हे तू घरी कसे सांगशील? त्याने सांगितलेले वाक्य बोलीतले होते, पण त्यातील क्रियापद होते 'चार्ज घेतला'. मी म्हणालो, हेच इंग्रजीत लिही. त्याने लिहिले, 'द न्यू कलेक्टर हॅज टेकन चार्ज.' वहीत 'चार्ज' या शब्दापुढे आरोप, शुल्क आणि विद्युतभार असे तीन अर्थ दिलेले होते. चौथा त्याने स्वतः पेन्सिलीने लिहून घेतला.