‘टिंग्या’चा ‘का?’ : बालकाचा तर्क आणि बोली

मंगेश हाडवळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘टिंग्या’ हा चित्रपट २००८ साली प्रदर्शित झाला व त्यातील प्रमुख भूमिकेबद्दल शरद गोयेकर या बालनटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. या चित्रपटाविषयी बोलताना टिंग्याला ‘निरागस’ हे विशेषण हटकून लावले जाते. हे विशेषण वरवर गौरवाचे वाटले तरी ते त्या पात्रावर अन्याय करणारे आहे, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे. टिंग्याचे बळ त्याच्या अजाणपणात नसून त्याच्या तर्कात आहे.

कथानक थोडके आहे. जुन्नरकडील एका शेतकरी कुटुंबातील चितंग्या नावाचा बैल पायाने अधू होतो. कर्जाने गांजलेल्या बापाला निकामी बैल पोसणे परवडणारे नसते, म्हणून तो खाटकाला विकण्याचे ठरते. याच वेळी शेजारच्या रशिदाची आजी आजारी असते. टिंग्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो आणि विचारतो : आजारी म्हातारीवर उपचार होतात, तिला कोणी विकत नाही; मग चितंग्यालाच का?

हा ‘का’ कोणत्या जातीचा आहे? बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सहा-सात वर्षांच्या एका मुलाचे सुमारे दहा महिन्यांत टिपलेले १,१२५ प्रश्न तपासले आहेत. मुलांचा ‘का’ एकच नसतो, हा त्या परीक्षणाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय. एक ‘का’ कारण विचारतो, दुसरा हेतू विचारतो, तिसरा रूढीचे वा नियमाचे समर्थन मागतो. विधानाची तार्किक उपपत्ती मागणारा ‘का’ मात्र सात-आठ वर्षांच्या आधी क्वचितच आढळतो. टिंग्याचा प्रश्न या शेवटच्या जातीचा आहे. बैल विकण्याचे कारण त्याला ठाऊक आहे. बापाचा हेतूही त्याला कळतो. तो विचारतो ते निराळेच : जो नियम एका ठिकाणी लावता, तो दुसऱ्या ठिकाणी का लावीत नाही? दोन उदाहरणे एका वर्गात घालून त्यांच्या वागणुकीतील विसंगती दाखविणे हे अजाण मनाचे लक्षण नव्हे.

यावर आक्षेप घेता येईल की, बैलाला माणसाच्या पंक्तीस बसविणे हीच बालबुद्धी; पियाजे ज्याला सचेतनवाद म्हणतात तो हाच. परंतु सचेतनवाद म्हणजे निर्जीव वस्तूंवर जाणिवेचा आरोप करणे. चितंग्या सजीव आहे. शिवाय बैल हा घरचाच, ही समजूत टिंग्याने कल्पनेने रचलेली नाही. पोळ्याला बैलाची पूजा करून त्याला पुरणपोळीचा घास भरविणाऱ्या समाजानेच ती त्याला दिली आहे. गृहीतक वडिलांचे आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष तेवढा मुलाचा आहे, आणि तोच वडिलांना पेलत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा प्रश्न लेखकाने मुलाच्या तोंडी घातला आहे काय? याची कसोटी सोपी आहे. लेखकाचा प्रवक्ता असलेले पात्र दया, न्याय अशा अमूर्त शब्दांत बोलते. टिंग्याचा युक्तिवाद ही आजी व हा बैल यांना धरून चालतो. सात ते अकरा या वयातील मूर्त विचाराची मर्यादा त्याने ओलांडलेली नाही. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली पियाजे यांच्यावर टीका करताना दाखविले की, प्रसंग मुलाच्या जिव्हाळ्याचा व त्याला अर्थपूर्ण असेल, तर त्याची विचारशक्ती कृत्रिम प्रयोगातल्यापेक्षा पुष्कळ पुढे जाते. टिंग्याच्या बाबतीत याहून जिव्हाळ्याचा प्रसंग कोणता असणार?

तरीही हा तर्क शहरी प्रेक्षकाच्या कानावरून ‘गोड’ म्हणून निसटतो. याचे एक कारण भाषिक आहे. टिंग्या आपल्या गावच्या बोलीत बोलतो, आणि प्रमाणभाषेला सरावलेला कान बोलीतील युक्तिवाद ऐकण्याऐवजी बोलीचा लहेजाच ऐकतो. विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीचा अभ्यास करून ‘बोली अप्रमाण म्हणून विचार अपुरा’ या समजुतीचे खंडन केले. हा प्रश्न मुंबईला परका नाही. लालबाग-परळच्या गिरणगावात घाटावरून व कोकणातून माणसे आली ती आपापल्या बोलींसह; मुंबईचे डबेवाले तर मुख्यत्वे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ याच पट्ट्यातले. अशा घरांतील मूल वर्गात ‘का?’ विचारते तेव्हा शिक्षक उच्चार सुधारतो की प्रश्नाला उत्तर देतो, यावर त्या मुलाचे पुढचे प्रश्न अवलंबून असतात.

टिंग्याचा बाप क्रूर नाही. त्याच्याजवळ तर्काची उणीव नाही, पैशाची आहे. नेमके हेच मुलाला सांगता येत नाही, कारण ते सांगणे म्हणजे आपला नियम पैशापुढे टिकत नाही याची कबुली देणे होय. ‘निरागस’ म्हणून आपण टिंग्याचे कौतुक करतो तेव्हा ही कबुली आपणही टाळत असतो. चित्रपट पुन्हा पाहताना हे विशेषण बाजूस ठेवावे आणि मुलाच्या प्रश्नाकडे युक्तिवाद म्हणून लक्ष द्यावे, एवढेच सुचवावयाचे आहे.