दलालांचा स्टुडिओ आणि आपली मुखपृष्ठे

मराठीत कादंबरीवर पुष्कळ समीक्षा लिहिली जाते, कवितेवरही लिहिली जाते. पण पुस्तक हातात घेताना नजर प्रथम ज्यावर पडते त्या मुखपृष्ठाबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही. मुखपृष्ठकाराचे नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात छापले जाते आणि तिथेच त्याची दखल संपते. म्हणून दीनानाथ दलाल यांच्या स्टुडिओविषयी लिहावेसे वाटले.

दलालांचा जन्म १९१६ साली मडगावला झाला. मुंबईत त्यांनी 'दलाल आर्ट स्टुडिओ' उभा केला आणि १९४५ मध्ये 'दीपावली' हे नियतकालिक सुरू केले. १९७१ च्या जानेवारीत ते गेले. 'दीपावली' पुढेही निघत राहिली, पण स्टुडिओमागचा तो हात थांबला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी वाढलेल्या माझ्यासारख्या उर्दू शाळेच्या मुलीला दलाल भेटले ते एका पेंटरच्या दुकानात. हे पेंटरचाचा दुकानांच्या पाट्या देवनागरीतही लिहीत आणि उर्दूतही. रद्दीतून आणलेले जुने दिवाळी अंक त्यांच्या फळीवर असत. "बेटा, रेघ कशी मारायची ते यांच्याकडून शीक," असे म्हणून त्यांनी मला पहिल्यांदा दलालांचे चित्र दाखवले. तेव्हा मला मराठी नीट वाचताही येत नव्हते. पुढे फ्लेक्स आले आणि चाचांच्या दुकानाला कुलूप लागले.

चाचा रेघ का दाखवत होते, हे मला फार उशिरा कळले. त्या काळी रंगीत चित्र ब्लॉकवरून छापले जाई. पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे एकेक रंग कागदावर चढत. प्रत्येक रंगाला खर्च होता आणि बहुतेक प्रकाशकांचा खिसा लहान होता. म्हणून मुखपृष्ठकाराला दोन-तीन रंगांत काम भागवावे लागे. दलालांनी या अडचणीतून शैली घडवली. सपाट रंगांचे मोठे पट्टे, त्यांना बांधून ठेवणारी वळणदार ठाम रेषा आणि मोकळी सोडलेली जागा यांवर त्यांचे चित्र उभे राहते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चे (१९६७) मुखपृष्ठ दलालांचे आहे. ज्यांनी ती कादंबरी पुरती वाचली नाही, त्यांनाही ते आठवते. पुस्तकाच्या आधी ते चित्र घराघरांत पोहोचले, असे म्हटले तरी चालेल.

दुसरी गोष्ट अक्षरांची. तेव्हा शीर्षकासाठी देवनागरीचे मोठे, देखणे टाइप फारसे नव्हते. चित्रकारच पुस्तकाचे नाव हाताने रेखाटी, म्हणून अक्षर चित्राचाच भाग होई. आपल्या उर्दू वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे तर संपूर्ण पुस्तकच कातिबाच्या हातचे असे. नस्तालिकचे प्रत्येक अक्षर कलमाच्या टोकाने काढलेल्या नुक्त्याच्या मापाने मोजले जाते. १९८१ मध्ये 'नूरी नस्तालिक' संगणकावर आले आणि कातिबाचे कलम हळूहळू खाली ठेवले गेले. संगणकाला दोष देण्याचे कारण नाही, त्यामुळे उर्दू छपाई स्वस्त झाली. पण अक्षर मोजणारा डोळा मात्र आपण गमावला. मराठीतल्या स्टुडिओंचे आणि उर्दूतल्या कातिबखान्यांचे दुःख एकच आहे.

दलालांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यांच्या स्त्रिया फार देखण्या, डोळे फार मोठे आणि दुःखसुद्धा सजलेले. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. परंतु जो वर्ग चित्रप्रदर्शनाच्या दारात कधी गेला नाही, त्याच्या घरात चित्र नेण्याचे काम याच देखणेपणाने केले. 'व्यावसायिक' म्हणून त्याची हेटाळणी करणाऱ्यांनी हे विसरू नये.

माझी खंत निराळी आहे. त्या काळचे जे दिवाळी अंक मी चाळले, त्यांत पणती होती, तुळस होती, नऊवारी होती. पण माझ्या नानीचे घर मला सापडले नाही. बावडीवर पाणी भरणारी, ओढणी सावरत वऱ्हाडी बोलणारी मुसलमान बाई त्या पानांत दिसली नाही. हा दोष एकट्या चित्रकाराचा नाही. जे साहित्यात लिहिले गेले नव्हते, ते मुखपृष्ठावर कुठून येणार? आता आपण लिहू लागलो आहोत. पण आपल्या पुस्तकांवर तरी ते घर दिसते का? कथा कोणतीही असो, बाहेर मिनार आणि चंद्रकोर ठरलेली. संगणकावर तयार मिळणारे चित्र उचलायचे आणि त्यावर नाव चिकटवायचे, एवढ्यात आपले काम उरकते. कथेतली बाई शेतात निंदण करत असते आणि मुखपृष्ठावर मात्र घुमट असतो.

दलालांच्या स्टुडिओचा वारसा जपायचा म्हणजे त्यांच्या चित्रांची नक्कल करायची नाही. आधी पुस्तक वाचायचे आणि मग रेघ मारायची, ही त्यांची शिस्त उचलायची. माझ्या वर्गात पाचवीची एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर आपल्या अम्मीला चूल फुंकताना काढते. डोळे मोठे नाहीत, हात काळे आहेत. आपल्या एखाद्या पुढच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ तिथे सुरू झालेले असू शकते. तिला कागद आणि रंग पुरवणे हे आपले काम आहे.