तण आणि भाजी : मध्यमवर्गीय ताटावरचा मराठी विनोद

मराठी विनोदाच्या पंगतीत खाण्याला पहिल्यापासून मानाचे पान आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ज्या लेखसंग्रहापासून आधुनिक मराठी विनोद मोजायची आपली रीत आहे, त्याचे नावच ‘सुदाम्याचे पोहे’. पुढे पु. ल. देशपांड्यांनी ‘माझे खाद्यजीवन’ लिहिले आणि खाण्यावर हसणे हे मराठी घराचे जवळजवळ कुळाचारासारखे झाले. मी कोणत्याही विद्यापीठाचा माणूस नाही. रद्दीच्या दुकानांतून जुने दिवाळी अंक जमवणे आणि ते वाचत बसणे एवढीच माझी शिस्त. त्या ढिगात एक नवा विषय गेल्या काही वर्षांत वारंवार दिसू लागला आहे : रानभाज्या, आणि त्या विकत घेणारा मध्यमवर्ग. या नव्या विनोदाची जुन्याशी सोयरीक लावून पाहावी आणि तो नेमका कुठे अडतो ते शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी जुन्याकडे पाहू. मध्यमवर्गीय खाण्यावरच्या आपल्या विनोदाचे ढोबळमानाने दोन विषय आहेत. एक खाण्याचा सोस, दुसरा खाणे सोडण्याचा सोस. ‘माझे खाद्यजीवन’ पहिल्याचा नमुना. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधला ‘उपास’ दुसऱ्याचा. तिथे एक माणूस वजन उतरवायला निघतो आणि चाळीतला प्रत्येक शेजारी त्याने काय सोडावे ते त्याला सांगतो. ज्याला जे आवडत नाही किंवा परवडत नाही, ते त्याच्या मते अपायकारक! या विनोदाची मजा त्या सल्ल्यांत आहे, आणि ती आजही शिळी झालेली नाही. पण दोन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : डबे भरलेले आहेत. सोडायला काहीतरी आहे म्हणून सोडण्याचा विनोद होतो. त्या डब्यांत माल कुठून आला, कोणी आणला, हा प्रश्न विनोदाच्या कक्षेत येत नाही. चाळीच्या भिंतींत तो प्रश्न आला नाही याबद्दल तक्रार करण्याचे कारणही नव्हते.

आता नव्याकडे. आमच्या छत्रपती संभाजीनगरात पहिले दोन पाऊस झाले की औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत, सिडकोतल्या रस्त्यांच्या कडेला, करटुली, तरोटा, घोळ, तांदुळजा, कुंजरा, पाथरी अशी नावे ऐकू येऊ लागतात. करटुल्याचा भाव कधीकधी कोंबडीशी स्पर्धा करतो. २०२० पासून कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवू लागला, तेव्हापासून या भाज्यांना सरकारी प्रतिष्ठाही मिळाली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि ज्वारी-बाजरीचे ‘श्री अन्न’ झाले. शेवगा तर आधीच ‘मोरिंगा’ होऊन बरणीत जाऊन बसला होता.

यावर विनोद होणारच, आणि झाला. त्यातली पात्रे वाचकांच्या ओळखीची आहेत. बांधावर आपोआप उगवलेल्या भाजीकडे बोट दाखवून “ही ऑरगॅनिक आहे ना?” असे विचारणाऱ्या वहिनी. कोणत्या पाल्यात किती लोह हे तोंडपाठ असलेले, पण पाला ओळखू न येणारे निवृत्त काका. तरोट्याचे कटलेट निमूटपणे गिळून संध्याकाळी गुलमंडीवर कचोरी खाऊन येणारे यजमान. भाजीचा फोटो आधी समूहावर जातो, भाजी नंतर फ्रिजमध्ये जाते आणि आठवड्याने कचऱ्याच्या गाडीत. हे सगळे खरे आहे, गमतीचेही आहे. पण नीट पाहिले तर हा ‘उपास’च आहे, फक्त पानातला जिन्नस बदलला. घरातली माणसे घरातल्या माणसांना हसतात. हसून झाले की कोणाचे काही बिघडत नाही, कोणाला काही कळतही नाही.

हा विनोद जिथे अडतो ती जागा एका शब्दात आहे : ‘रान’. शहरातल्या वाचकाला रान म्हटले की जंगल दिसते. डोंगर, धुके, झाडी, त्यातून टोपली घेऊन येणारी आदिवासी बाई. महोत्सवाच्या फलकांवरही बहुधा तेच चित्र असते. कन्नड-सोयगावच्या डोंगराकडून येणाऱ्या काही भाज्यांपुरते ते खरेही आहे. पण मराठवाड्यात ‘रान’ म्हणजे शेत. “रानात गेलेत” म्हणजे शेतावर गेलेत. काळे रान, पडीक रान, रान मोकळे झाले हे सगळे शेतीचे शब्द. तांदुळजा, कुंजरा, घोळ, पाथरी, केना ही आमच्याकडे प्रामुख्याने शेतातली, बांधावरची, पिकात न मागता उगवणारी झाडे आहेत. शेतकऱ्याच्या हिशेबात ती तण. बाया खुरपणीला जातात ती हीच उपटायला, आणि खुरपता खुरपता कोवळा पाला ओट्यात टाकतात. मजुरी तण काढण्याची, आणि संध्याकाळची भाजी त्या तणाचीच.

म्हणजे ज्या वस्तूला शहर दुर्मीळ म्हणते ती खुरपणीचा वरकड आहे. हे एकदा ध्यानात आले की विनोदाची सगळी बैठक बदलते. मंडईत एका ताईंनी “जंगलातून आणता का हो?” असे विचारले तेव्हा विकणाऱ्या मावशींनी दिलेले उत्तर मी तिथल्या तिथे टिपून घेतले : “आवो ताई, रानात होतं तवर तण होतं, हितं आल्यावर भाजी झाली.” एवढ्या एका वाक्यात बाजारभाव, मजुरी आणि प्रतिष्ठा तिन्ही आहेत. या विषयावरचे जे लेख मी वाचले त्यांत या वाक्याच्या तोडीचा विनोद मला सापडला नाही. कारण त्या लेखांत मावशी असतात, पण त्या फक्त भाव सांगतात. बोलण्याचे काम वहिनींकडे आणि काकांकडे.

मध्यमवर्गाला न पेरलेले अन्न अगदीच परके होते असेही नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा नेम आहे, त्यामुळे नांगर न लागलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी होते. वर्षातून एक दिवस, स्नान करून, व्रत म्हणून. ज्या घरात हेच अन्न पावसाळाभर शिजत होते, त्या घराला या व्रताचे पुण्य कोणी कधी दिले नाही. आपल्या कथांतही तोच साचा आहे. विदुराच्या कण्या, शबरीची बोरे, सुदाम्याचे पोहे, द्रौपदीच्या थाळीतले भाजीचे पान. गरिबाचे अन्न गोड होते ते मोठ्या माणसाने तोंड लावल्यावर. कण्या विदुराला रोज कशा लागत होत्या, हे कोणी विचारले नाही. आजची रानभाजीची टूम ही या साच्याची नवी आवृत्ती आहे असे मला वाटते. देवाच्या जागी आहारतज्ज्ञ आले, एवढाच फरक.

याच भाज्यांची दुसरी आठवण मराठवाड्यात अजून जिवंत आहे. १९७२ च्या दुष्काळाची. खडी फोडायला गेलेल्या पिढीच्या बोलण्यात मिलो ज्वारी येते, सुकडी येते आणि तरोटाही येतो. तरोट्याला एरवी जनावरही सहसा तोंड लावत नाही. कोवळा असताना उकडायचा, पाणी पिळून टाकायचे, असल्या तर कण्या किंवा मूठभर डाळ घालून वाढवायचा. आता पाककृतींच्या पत्रकात ‘चवीनुसार तेल’ असते. तेव्हा तेल ‘असल्यानुसार’ होते.

ही आठवण मराठी साहित्यात आली, पण विनोदाच्या दालनातून आली नाही. ती आत्मकथनांतून आली. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शेणातून वेचलेल्या ज्वारीची भाकरी आहे. त्या भाकरीवर हसता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे एक अलिखित वाटणी झाली : भरल्या डब्याचा विनोद आणि रित्या डब्याचे दुःख. दोन्हींची कपाटे वेगळी, वाचकही बरेचसे वेगळे.

ही वाटणी मोडणारे पुस्तक मराठवाड्यातूनच आले, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५). मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची ती नोंद आहे. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने आला आणि पुस्तकाची चर्चा दूरवर झाली. ती चर्चा बहुतेक जात आणि अन्न या अंगाने झाली, आणि ते योग्यच आहे. मला इथे फक्त त्याच्या मराठी नावाकडे लक्ष वेधायचे आहे. जेवणापूर्वी घरोघर म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातल्या ‘पूर्णब्रह्म’ला एक ‘अ’ लावला, आणि ताटावरचा सगळा प्रश्न उभा राहिला. कोणाचे ब्रह्म पूर्ण, आणि कोणाच्या घरी ते कधीच पूर्ण झाले नाही? हा शब्दावरचा खेळ आहे, म्हणजे विनोदाचेच साधन आहे. पण तो खेळणारा पानाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला आहे. कोल्हटकरांनी रूढींवर धरलेले शस्त्र इथे पाटोळ्यांच्या हाती आले, असे मी म्हणेन.

हसण्याची दिशा हा आमच्या शहराला नवा विषय नाही. इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा उभ्या केल्या आणि मराठवाड्याची बोली महाराष्ट्रभर नेली. गावाकडची माणसे विलायतेला निघतात, त्याची ती धमाल. प्रेक्षक त्यांच्या भाबडेपणाला हसत, पण बोलत असत ती माणसेच. आता वऱ्हाड उलटे निघाले आहे. शहर रानाकडे चालले आहे, आणि भाबडेपणाची पाळी त्याची आहे. पण हे वऱ्हाड पाहणाऱ्या गावाच्या तोंडून ती गंमत सांगणारा विनोद अजून लिहिला गेलेला नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. टूम असली तरी तिच्यामुळे चार बायकांच्या हाती पैसे पडतात. ज्या भाजीचा डबा शाळेत लपवून खावा लागे, ती आज महोत्सवात मांडली जाते. अशा वेळी थट्टा करून गिऱ्हाईक का पळवायचे? मला हा आक्षेप मान्य आहे. वहिनींनी तरोटा घ्यावा, काकांनी लोह मोजावे. पण याच काळात दुसरीकडे काय चालले आहे तेही पाहावे लागते. सोयाबीन-कपाशीच्या शेतात खुरप्याची जागा तणनाशक घेत आहे. मजूर मिळत नाही, फवारणी स्वस्त पडते, शेतकऱ्याचेही चुकत नाही. पण फवारा बसला की तांदुळजा, कुंजरा, घोळ सगळे एका दिवसात पिवळे पडते आणि खुरपणीची मजुरीही जाते. शहर ज्या भाजीला शोधत रानाकडे निघाले आहे, ती रानातून निघून चालली आहे. बांधावरच्या भाजीला “औषध मारलंय का?” असे विचारणाऱ्या वहिनींचा प्रश्न आज हास्यास्पद वाटतो. उद्या तो अगदी बरोबर ठरेल, आणि तेव्हा त्यावर हसू येणार नाही.

म्हणून माझी मागणी विनोद कमी करण्याची नाही, तो थोडा पुढे नेण्याची आहे. फ्रिजमध्ये सडणाऱ्या जुडीपाशी न थांबता त्याने जुडी बांधणाऱ्या हातापर्यंत जावे. त्या हाताची मजुरी, त्याचे बोलणे, गिऱ्हाइकाची पाठ वळल्यावरचे त्याचे हसणे, हे सगळे मराठी विनोदाला अजून उपलब्ध आहे आणि जवळजवळ अस्पर्श आहे. एकाच झाडाला सकाळी तण आणि संध्याकाळी भाजी म्हणणारा समाज आपण आहोत. विनोदी लेखकाला याहून सुपीक रान दुसरे कुठे मिळणार?