ख्रिस्ती साधनागृह आणि धर्मनिरपेक्ष समाज

कर्जत आणि खालापूर ह्या बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या तालुक्यांत ‘रिट्रीट’ हा शब्द आज हॉटेलांच्या व फार्महाऊसांच्या पाट्यांवर वाचावयास मिळतो. तेथे त्याचा अर्थ इतकाच की, शहरातील माणसाने शनिवारी यावे, विश्रांती घ्यावी आणि रविवारी सायंकाळी परत जावे. ख्रिस्ती धर्मजीवनात मात्र ह्या शब्दाला नेमका पारिभाषिक अर्थ आहे. नित्याचे व्यवहार काही दिवस बाजूस सारून, मौन पाळून, अनुभवी मार्गदर्शकाच्या सांगण्यानुसार प्रार्थना आणि आत्मपरीक्षण करणे, हा तो अर्थ होय. इग्नेशियस लोयोलाच्या ज्या साधनाक्रमाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, त्याचे पूर्ण रूप सुमारे तीस दिवसांचे आहे. बाजाराने शब्द घेतला आणि त्यातील कष्ट तेवढे वगळले.

अशा साधनागृहाचे धर्मनिरपेक्ष समाजात स्थान कोणते, ह्या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर कायद्याचे. संविधानाच्या २५ व्या व २६ व्या अनुच्छेदांनी धर्माचरणाचे व धार्मिक संस्था चालविण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. २७ व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती नागरिकावर करता येत नाही. तेव्हा साधनागृहाने आपल्या खर्चाने आपले काम करावे, इतरांनी त्यात पडू नये. दुसरे उत्तर उपयुक्ततेचे : धकाधकीच्या जीवनात मनःशांतीची गरज असते, ती हे गृह पुरविते. पहिले उत्तर बिनचूक आहे, पण ते साधनागृहाचा हक्क सांगते, कार्य सांगत नाही. दुसऱ्याने तर साधनागृहाला शेजारच्या हॉटेलाच्याच पंक्तीस नेऊन बसविले आहे. मनःशांती हेच देणे असेल, तर ख्रिस्ताचे नाव घेण्याचे प्रयोजन काय, ह्याचे समाधानकारक उत्तर ह्या मतापाशी नाही.

प्रश्नाचा खरा उलगडा शब्दांच्या इतिहासाकडे पाहिल्यास अधिक होतो. ‘रिट्रीट’ला सर्वपरिचित मराठी प्रतिशब्द ‘माघार’ आहे, आणि तो येथे अगदीच निरुपयोगी ठरतो. पण ह्याच डोंगराने मराठीला दुसरा शब्द दिलेला आहे, तो म्हणजे ‘लेणे’. संस्कृत ‘लयन’, पाली-प्राकृत ‘लेण’ अशी त्याची परंपरा असून मूळ अर्थ विसाव्याची, आश्रयाची जागा असा आहे. कोरीव शिल्पाचा अर्थ मागाहून प्रधान झाला. कर्जत तालुक्यात राजमाचीखालच्या उतारावर कोंडाणे येथे जे प्राचीन चैत्यगृह आणि विहार आहेत, ते ह्या मूळ अर्थाने लेणे होत. भिक्षूंनी पावसाळ्यात भ्रमण थांबवून एका ठिकाणी राहावयाचे, ह्या वर्षावासासाठी ती वसतिस्थाने उपयोगी पडत. तेथील ब्राह्मी लेखात कण्हाचा ‘अंतेवासी’ बलक ह्याने काम केल्याचा उल्लेख आहे. अंतेवासी म्हणजे गुरूच्या निकट राहणारा. माघारीला सोबती लागत नाही. एकांतसाधनेला मात्र जवळ राहणारा मार्गदर्शक लागतो, हा भेद त्या एका शब्दात सामावला आहे.

घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या कार्ल्याच्या लेण्यात ह्याहून महत्त्वाचा पुरावा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले, आणि हे दान चारी दिशांच्या संघासाठी, तेथे वर्षावास करणाऱ्या सर्वांसाठी असल्याचे लेखात नमूद आहे. ह्या ‘सर्वां’त आधुनिक धर्मनिरपेक्षतेचे बीज शोधण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. चारी दिशांचा संघ म्हटला तरी तो संघच. त्याबाहेरचा माणूस त्या ‘सर्वां’त बसत नाही. शिवाय ह्याच उषवदाताने देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचे नाशिकच्या लेखावरून कळते. म्हणजे राजकुलाने सर्वांना सारखे द्यावे अशी ती वृत्ती होती. सर्वधर्मसमभावाशी तिचे नाते जुळेल, निरपेक्षतेशी जुळणार नाही. आजच्या राज्याने असे गाव तोडून द्यावे, अशी अपेक्षा कोणत्याही साधनागृहाला करता येत नाही. म्हणून ‘सर्व’ म्हणजे कोण, हे ठरविण्याची जबाबदारी आता त्या गृहावरच येऊन पडते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती प्रयोगांची परीक्षा ह्याच कसोटीवर करणे इष्ट आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य त्यात असावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कल्पना अपुरी राहिली. त्यांचे चरित्र लिहिणारे अँग्लिकन धर्मोपदेशक जॅक विन्स्लो ह्यांनी १९२२ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. पुढे त्या दशकाच्या अखेरीस पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम झाला. येथे ‘आश्रम’ हा शब्द केवळ पाटीपुरता घेतलेला नव्हता. इंग्रज आणि भारतीय बंधू एकत्र राहत, खादी वापरीत, जमिनीवर बसून एका पंक्तीत जेवीत. शब्द घेतला की त्याबरोबर येणारे आचरणही घ्यावे लागते, ही जाणीव तेथे होती, आणि तिचे परिणामही त्या मंडळींना भोगावे लागले. १९२७ मध्ये आश्रमात आलेले व्हेरियर एल्विन गांधीजींच्या सहवासात आले आणि १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात उघडपणे राष्ट्रीय चळवळीच्या बाजूचे झाले. सरकारची वक्रदृष्टी ओढवली. पुढे ते शामराव हिवाळ्यांसह मध्य प्रांतातील गोंडांच्या वस्तीत राहावयास गेले. एकांतवास म्हणजे तटस्थता, हा समज ह्या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

दुसरा प्रयोग बोरघाटाच्या माथ्यावरचा, लोणावळ्याचा आहे. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) ह्यांनी १९७० च्या दशकात पुण्यात ‘साधना’ ही संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्यास गेली. त्यांचे ‘साधना’ हेच शीर्षक असलेले इंग्रजी पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षक भारतीय आणि मजकूर परभाषेतला, हे पाहून तो केवळ वेषपालट असावा अशी शंका येते. परंतु पुस्तकाच्या रचनेने ती दूर होते. आरंभीच्या पाठांत श्रद्धेचे कोणतेही विधान मान्य करण्याची अट नाही. शरीराकडे लक्ष द्या, श्वास येतो-जातो तो पाहा, असे सांगून लेखक पुढे कल्पनेच्या आणि भक्तीच्या पाठांकडे वळतो. श्वासावरील अवधानाचा धडा आपण एका बौद्ध शिबिरात गिरविल्याचे तो तेथे सांगतोही. वर्षावासाच्या परंपरेतील ‘आनापान’ अशा रीतीने त्याच घाटात, ख्रिस्ती हातांनी परत आले. ‘साधना’ ह्या शब्दाने येथे उसनवारीचे ऋण मान्य केले आहे, आणि इतरधर्मीय साधकाला पहिल्या पायरीवर उभे राहण्यास जागाही दिली आहे. पुस्तकाचे खरे यश ह्या पायऱ्यांच्या क्रमात आहे. त्याच्या उत्तरार्धातील कल्पनाप्रधान पाठ मात्र बायबलशी परिचय नसलेल्या वाचकाला बरेच दूरचे वाटतात, हेही नमूद केले पाहिजे.

ह्या मोकळेपणाची किंमत त्यांच्या मृत्यूनंतर दिसून आली. २४ जून १९९८ रोजी रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने डिमेलोंच्या लेखनातील काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले. मात्र त्यांच्या आरंभीच्या लेखनावर बौद्ध व ताओ विचारांचा प्रभाव असला, तरी ते ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत राहिले होते, अशी पुस्तीही त्या पत्रकात होती. पत्रकाकडे केवळ दडपशाही म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. जे साधनागृह सर्वांसाठी होता होता कोणाचेच राहत नाही, ते अखेर बाजारातल्या ‘रिट्रीट’जवळ येऊन पोहोचते, ह्या धोक्याची दखल घेण्याचा धर्मसंस्थेला अधिकार आहे. उलट, ह्या धास्तीने दार लावून घेणारे गृह पुन्हा आपल्याच संघापुरते उरते.

ह्या दोहोंमधील वाट मराठी भाषेतच सूचित झालेली आहे. संविधानाच्या उद्देशिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने जो शब्द आला, त्यासाठी हिंदी पाठाने ‘पंथनिरपेक्ष’ स्वीकारला, मराठी पाठाने ‘धर्मनिरपेक्ष’. मराठी पर्यायावर ‘धर्माशी काही कर्तव्य नसलेला’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु मराठीत ‘निरपेक्ष’ हे विशेषण प्रेमाला आणि सेवेलाही लागते, आणि तेथे त्याचा अर्थ ‘संबंध नसलेला’ असा होत नाही. परतफेडीची अपेक्षा न ठेवणारा, असा होतो. राज्याने पहिल्या अर्थाने निरपेक्ष राहावे हे योग्यच. साधनागृहाला तो अर्थ लागू पडणार नाही, कारण धर्म हाच त्याचा प्राण आहे. त्याने दुसऱ्या अर्थाने निरपेक्ष असावे, अशी मागणी समाज करू शकतो. आलेल्या माणसाला ख्रिस्ताचे नाव न लपविता सांगावे; तो तसाच, आपल्या धर्मात वा अश्रद्धेत, परत गेला तरी त्याची साधना वाया गेली असे मानू नये. टिळकांच्या दरबारात न घेतलेल्या बाप्तिस्म्याला जागा होती, ती ह्याच अर्थाने.

पायथ्याच्या ह्या दोन तालुक्यांत खालापूरला महडचा वरदविनायक आहे, खोपोलीला गगनगिरी महाराजांचा आश्रम आहे, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर ‘विहार’ हा शब्द मराठी बोलण्यात पुन्हा जिवंत झाला आहे. ह्या शेजारात राहणारे ख्रिस्ती साधनागृह मुंबईहून येणाऱ्या इंग्रजी जाणणाऱ्या साधकांशी कसे बोलते, ह्यावरून त्याची परीक्षा पुरी होत नाही. डोंगरउतारावर ठाकर आणि कातकरी ह्यांच्या वाड्या आहेत. श्वासाकडे पाहण्याचा डिमेलोंचा पहिला पाठ थोड्या शब्दांत सांगण्याजोगा आहे, आणि तो त्यांच्या बोलींतही सांगता येईल.