‘फॉन्ट’ या शब्दाची गडबड आणि आपले मराठी प्रबंध

पेट किंवा नेटच्या पहिल्या पेपरची तयारी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे वर्ड प्रोसेसरच्या नोट्स असतात. झेरॉक्सच्या, नाहीतर मोबाईलवर आलेल्या. त्यात फॉन्ट, अलाइनमेंट, मार्जिन, हेडर-फूटर, मेल मर्ज, कट-कॉपी-पेस्ट अशा संज्ञा आणि प्रत्येकीची एका ओळीची व्याख्या असते. कंट्रोल झेडने काय होतं असं विचारलं, की आपण अन्डूवर खूण करतो आणि दोन मार्क मिळतात. मार्कांपुरतं हे ठीक आहे. पण याच नोट्सच्या भरवशावर तीनशे पानांचा मराठी प्रबंध तयार करायला बसलात, तर पहिल्याच संज्ञेला घोळ होतो.

नोट्समध्ये फॉन्टची व्याख्या असते: अक्षराचं वळण, रूप. व्याख्या बरोबर आहे. पण आपल्याकडच्या डीटीपी सेंटरमध्ये ‘फॉन्ट कोणता?’ असं विचारतात तेव्हा त्या एका शब्दात तीन गोष्टी असतात. अक्षर दिसणार कसं, कोणती कळ दाबायची, आणि संगणकाच्या आत नेमकं काय साठणार. नोट्स पहिलीच गोष्ट सांगतात. प्रबंधाचं नशीब तिसरीवर ठरतं.

कृतिदेव घ्या. त्यात ‘हिंगोली’ टाइप केलं, तर पडद्यावर हिंगोली दिसतं. पण फाईलमध्ये एफ, जी, ए, एक्स, के, एस, वाय, एच ही इंग्रजी अक्षरं साठतात. त्या अक्षरांना फक्त देवनागरीचा मुखवटा घातलेला असतो. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे (०९१५), आणि फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. ज्या नोट्समध्ये ‘युनिकोड’ हा शब्दच नाही, त्यांना मराठी विद्यार्थ्यासाठी मी अपुऱ्या म्हणेन, मग त्यात शॉर्टकट कितीही असोत.

आता याने बिघडतं काय? यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि ती इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर जाते. शीर्षक तिथे वेगळं भरलेलं असतं, म्हणून ते सापडतं. आतल्या मजकुराचं काय? हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्याआधीच्या काळावर काम करताना शीर्षकात ‘परभणी जिल्हा’ किंवा ‘मराठवाडा’ असणार, आणि कळमनुरी, वसमत, औंढा यांची माहिती कुठेतरी चौथ्या प्रकरणात. आपल्या भागावर काम करणाऱ्याला आतला मजकूर शोधता येणं म्हणूनच गरजेचं आहे. पीडीएफ उघडून ‘कळमनुरी’ शोधलं आणि आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असेल, तर उत्तर येतं: काही सापडलं नाही. माहिती समोरच्या पानावर असते, आणि आपण ‘संशोधनातील उणीव’ म्हणून लिहून मोकळे होतो!

संदर्भसूचीचीही तीच गत. वर्डमध्ये सॉर्ट नावाची सोय आहे, ती नावं वर्णक्रमाने लावते. कृतिदेवमधली सूची तिला दिली, तर ती आतल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावते. आधी बोरकर, मग कदम, मग मोरे. पुढे शिंदे आणि दिवेकर शेजारी-शेजारी येतात, कारण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठते आणि दोन्ही नावं एफने सुरू होतात. त्यानंतर पाटील, देशमुख, चव्हाण, आणि पार खाली जोशी. मग ऑपरेटर सगळी सूची हाताने लावत बसतो.

सगळ्यात गंभीर गोष्ट समानता-तपासणीची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे. मराठीचा मुखवटा घातलेला मजकूर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी अर्थहीन अक्षरं असतात. युनिकोडमधल्या मूळ लेखाशी त्यांचं साम्य निघणार कसं? अशा प्रबंधावर येणारा कमी टक्का हा प्रामाणिकपणाचा पुरावा नाही. मनापासून लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, उचलेगिरी करणाऱ्याला मात्र आहे.

डीटीपीवाल्यांना दोष देणं सोपं आहे, पण पटत नाही. त्यांचा हात रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर बसलेला. छापखान्यात पेजमेकर चालायचं, आणि पेजमेकरला युनिकोडमधली मराठी जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. तेव्हा श्रीलिपी, कृतिदेव हाच व्यवहारी मार्ग होता. शिवाय विंडोजसोबत येणारा मंगल फॉन्ट अनेकांना आवडत नाही. त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. पण आज ही कारणं उरलेली नाहीत. रेमिंग्टनच्याच कळांवर युनिकोड उमटवणारे मोफत कीबोर्ड मिळतात, आणि ‘तिरो देवनागरी मराठी’सारखे मराठी वळणाचे फॉन्टही फुकट आहेत.

नोट्समधली दुसरी उणीव याच जातीची आहे. शीर्षक ठळक करायला बोल्ड शिकवतात, ‘स्टाइल’ शिकवत नाहीत. बोल्ड केलेली ओळ माणसाला शीर्षक वाटते, वर्डला ती नुसती जाड ओळ. ‘हेडिंग १’ ही स्टाइल दिली तर वर्डला कळतं की इथे प्रकरण सुरू झालं, आणि अनुक्रमणिका पान क्रमांकांसह आपोआप तयार होते. मार्गदर्शकांनी तिसऱ्या प्रकरणात दहा पानं वाढवायला सांगितली की याची किंमत कळते.

तेव्हा टायपिंग बाहेर देणार असाल तर पानाचा दर ठरवण्याआधी एक नमुना पान मागा. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसली तर काम द्या. इंग्रजी अक्षरं दिसली तर युनिकोडचं बोला. पीडीएफसोबत वर्डची फाईलही घ्या, कारण युनिकोडच्या पीडीएफमधून कॉपी करतानाही कधीकधी वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. आधीची प्रकरणं कृतिदेवमध्ये झालेली असतील, तर कन्व्हर्टर आहेत. मात्र अख्खी फाईल एकदम त्यात टाकू नका. मध्ये आलेले इंग्रजी शब्द, तळटीपांतली इंग्रजी पुस्तकांची नावं, संकेतस्थळांचे पत्ते हे सगळं कन्व्हर्टर मराठी समजून बदलतो. परिच्छेदा-परिच्छेदाने घ्या, आणि रफार व जोडाक्षरं मूळ छापील प्रतीशी ताडून बघा.