ठेक्याआधीची ओढ

टँगो ऐकू लागलं की आपला कान आपसूक सुरावटीमागे जातो, आणि त्यात वावगं काही नाही. टँगोच्या सुरावटी असतातच तशा जीव लावणाऱ्या. पण ओस्वाल्दो पुग्लिएसे यांची १९४६ साली ध्वनिमुद्रित झालेली ‘ला यूम्बा’ लावली की एकदा तरी सुरावट घटकाभर बाजूला ठेवावी, आणि डबल बासचा गज नेमका केव्हा चालू होतो एवढंच आपण ऐकावं. मात्रा पडते त्या क्षणी तो चालू होत नाही. तो तिच्याआधीच निघालेला असतो; खालच्या कुठल्याशा धूसर स्वरावरून, तारेला घासत, वजन गोळा करत तो वर सरकत येतो, आणि मात्रेवर येऊन पडतो तेव्हा ती मात्रा दुसरीकडे कुठे पडूच शकली नसती असं वाटू लागतं. ब्यूनस आयर्सचे वादक या ओढीला ‘आरास्त्रे’ म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ही ओढ आणि तिचा दणका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पियानोच्या खर्जातला दबका, पोकळ हुंकार. ‘यूम्बा’ हे नावही त्या आवाजाचंच.

टँगोच्या पारंपरिक वाद्यमेळात, म्हणजे ‘ओर्केस्ता तिपिका’त, व्हायोलिनं असतात, बांदोनेऑन असतात, पियानो आणि डबल बास असतो, ढोल, ताशा, झांज यांपैकी काहीही नसतं. समोर उभं राहून हातवारे करणारा संचालकही सहसा नसतो. पुग्लिएसे स्वतः पियानोवर बसत आणि तिथूनच मेळ चालवत. मग दहा-बारा माणसं एका मात्रेवर एकत्र येतात ती कशाच्या आधारावर? या ओढीच्याच. बासवाला गज ओढू लागला की बाकीच्यांना कळतं, मात्रा अमुक इतक्या अंतरावर आहे, इतक्या वजनाची आहे. तो किंचित रेंगाळला की सगळे रेंगाळतात. म्हणून पुग्लिएसेंच्या संगीतात वादळ उठवणारा सगळा मेळ एकाएकी मंदावतो, एखादं व्हायोलिन एकटंच उरतं, लय मेणासारखी मऊ होते, आणि तरीही कुणाचं पाऊल चुकत नाही. मला तर त्या दणक्यांहून हे मंदावणं अधिक मोलाचं वाटतं.

आता हीच ओढ बांदोनेऑनवर कशी येते ते पाहू, कारण टँगोचा प्राण तिथे आहे. हे वाद्य जर्मनीतलं. तिथून स्थलांतरितांसोबत ते ला प्लाता नदीच्या काठी आलं आणि तिथलंच होऊन राहिलं. टँगोवाल्यांच्या वाद्याला ७१ कळा असतात, ३८ उजव्या हाताला आणि ३३ डाव्या हाताला; त्यात भाता उघडताना एखादी कळ जो स्वर देते तोच ती मिटताना देईल याची शाश्वती नाही, म्हणजे वादकाला एकाच वाद्यात दोन वेगळ्या मांडण्या बोटांत मुरवाव्या लागतात. टँगोवादक शक्यतो भाता उघडतानाच वाजवतात, कारण त्या दिशेने आवाजाला धार आणि वजन येतं. मग उजव्या अंगठ्याने हवेची कळ दाबून भाता झटकन मिटायचा आणि पुन्हा उघडायला सुरुवात. बसलेल्या वादकाच्या गुडघ्यावरून तो भाता दोन्ही बाजूंना ओघळत जातो. मात्रेच्या जरा आधी कळा दाबल्या जातात, हवा आत शिरू लागते, आवाज फुगत जातो, आणि नेमक्या क्षणी टाच उचलून मांडीचा धक्का दिला जातो. त्या धक्क्यासरशी आवाज जिथे तुटतो, ती तुटण्याची कडा ऐकण्यासारखी असते. चार बांदोनेऑन ती कडा एकदम गाठतात तेव्हा अंगावर शहारा येतो.

व्हायोलिनवाल्यांकडेही असल्या चिजा आहेत. घोडीच्या पलीकडे, जिथे गज सहसा कधी जात नाही, तिथे तो करकरवला की किड्याच्या किरकिरीसारखा कोरडा, खरखरीत आवाज निघतो; त्याला ‘चिचार्रा’ म्हणतात. खर्जाची तार नखाला टेकवून छेडली की चामड्यावर थाप पडल्यासारखं वाटतं, तो ‘ताम्बोर’. ढोल नसलेल्या मेळाने स्वतःच्या लाकडातून आणि तारांतून ताल कसा काढला, हे त्यातून आपल्याला दिसतं. स्वर स्वच्छ लागावा म्हणून वर्षानुवर्षं घासलेला हात टँगोत येऊन मुद्दाम खरखर करतो, ती खरखरही तो तितक्याच आस्थेने शिकतो, हे पाहून मला या माणसांविषयी फार आदर वाटतो.

आणि यातलं बरंचसं कागदावर नसतं. स्वरलिपीत सरळ, समान अंतराचे स्वर लिहिलेले असतात. वाजवणारा मात्र त्यांना मध्ये गर्दी करू देतो, टोकाला रेंगाळू देतो, ओढ कुठून धरायची ते शेजाऱ्याच्या श्वासावरून ठरवतो. ही विद्या मेळात बसूनच मिळायची. पण पन्नासच्या दशकानंतर मोठे मेळ हळूहळू मोडत गेले, नाचाच्या जागा ओसरल्या, तरुणांचे कान रॉककडे वळले, आणि पुढे १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीची वर्षं आली. नव्वदच्या दशकात ज्यांना टँगो वाजवावासा वाटू लागला त्या पोरांकडे जुन्या तबकड्या होत्या, काही स्वरलिप्या होत्या. शेजारी बसून गज कसा धरायचा ते दाखवणारं माणूस मात्र बहुतेकांकडे नव्हतं.

इग्नासिओ वार्चौस्की हा त्यांतलाच एक. ‘एल आरांके’ या, १९९६ साली उभ्या राहिलेल्या, मेळात तो डबल बास वाजवायचा. म्हातारे वादक हयात आहेत तोवर त्यांच्या हातातलं नव्यांच्या हातात गेलं पाहिजे, या तळमळीतून त्याने एक शाळा कल्पिली, शाळा म्हणजे प्रत्यक्षात एक मेळच; आणि तिच्या प्रमुखपदासाठी तो एमिलिओ बालकार्से यांच्याकडे गेला. बालकार्से यांचा जन्म १९१८चा. पुग्लिएसेंच्या मेळात ते वर्षानुवर्षं व्हायोलिन वाजवत होते, त्यांच्यासाठी वाद्यरचना करत होते. ‘ला बोर्दोना’ हा लाडका टँगो त्यांचाच. २००० साली, वयाच्या ब्याऐंशीच्या आसपास, त्यांनी तरुणांची ही ‘ओर्केस्ता एस्क्वेला’ हाती घेतली. कॅरोलिन नील यांनी या साऱ्या खटपटीवर केलेला ‘सी सोस ब्रूहो’ हा माहितीपट २००५ साली आला. त्याचं शीर्षकही बालकार्सेंच्याच एका टँगोचं. त्यातल्या तालमी पाहताना आपल्याला मींड शिकवणारा गुरू आठवतो: सांगून झालं, लिहून झालं, आता ऐक आणि माझ्याबरोबर ये. पुग्लिएसेंच्या मेळातले बांदोनेऑनवादक विक्तोर लावाय्येन यांनीही पुढे या शाळेची धुरा वाहिली.

याच सुमारास शहराच्या रस्त्यावर दुसरं काही शिजत होतं. ‘ओर्केस्ता तिपिका फर्नांदेस फिएर्रो’ची पोरं सान तेल्मो भागात उभा पियानो ढकलत रस्त्यावर आणायची आणि तिथेच वाजवायची. डिसेंबर २००१मध्ये अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली, बँकांतले पैसे अडकले, आणि त्या दिवसांत बारा वादकांचा मेळ पोटासाठी चालवायचा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यांनी सहकारी तत्त्व धरलं: मेळ सगळ्यांचा, निर्णय सगळ्यांचे. ही वाटही पुग्लिएसेंचीच. कम्युनिस्ट विचारांचे पुग्लिएसे आपला मेळ सहकारी पद्धतीने चालवत. तुरुंगवासामुळे ते येऊ शकले नाहीत की साथीदार त्यांच्या रिकाम्या पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवून वाजवत. फिएर्रोच्या पोरांनी २००४ साली आबास्तो भागातली एक जुनी गॅरेजवजा जागा घेतली आणि तिला क्लबाचं नाव दिलं. आपला रंगमंच आपणच चालवायचा, हे त्यांच्या कलेइतकंच महत्त्वाचं काम त्यांनी मानलं.

त्यांच्या ध्वनिमुद्रणात ती ओढ आपण पुन्हा ऐकावी. पुग्लिएसेंकडे तिच्यात मखमल होती. इथे ती खरवडते, चार बांदोनेऑन पुढच्या रांगेत बसून भाते फाडतील असं वाटतं, बास दारावर लाथ घालावी तसा येतो. काही जुन्या रसिकांना हे कर्कश वाटतं. मला त्यात शाळेबाहेर, रस्त्यावरच्या गोंगाटात घडलेला कान ऐकू येतो. शेजारून बस जात असताना मात्रेचं वजन सांभाळायचं तर ओढ अशीच मारावी लागेल. पुढे २०१४मध्ये हुलिएता लासो गायिका म्हणून आली, आणि तिच्या जाड, जखमी आवाजाला हा खरवडा फार शोभला.

या मेळाच्या आरंभीच्या वर्षांतला पियानोवादक आणि वाद्यरचनाकार हुलियान पेराल्ता पुढे बाहेर पडला, त्याने ‘आस्तिय्येरो’ हा स्वतःचा चमू काढला, आणि शिवाय एक वेगळंच काम केलं: टँगोच्या वाद्यमेळाचं तंत्र उलगडून सांगणारं पुस्तक त्याने लिहिलं. ओढ कशी लिहावी, बास आणि पियानोचा डावा हात कसे जुळवावेत, लयीचे नमुने कोणते, हे सगळं कागदावर. हातातून हातात येणारी विद्या छापून कशी येईल, अशी शंका आपल्याला सहज येईल. पण पोकळीत वाढलेल्या पिढीतल्या एकाला पुढच्या पोरांसाठी काहीतरी लिहून ठेवावंसं वाटावं, यातली कळकळ मला फार जवळची वाटते. कुणा पोराला त्या पानावरून ओढीचा पत्ता लागेल, आणि मग ती कशी मारायची ते तो कुणाच्या तरी शेजारी बसून शिकेल.

तेव्हा रसिकहो, एक करा. ‘ला यूम्बा’ आधी ऐका, मग फर्नांदेस फिएर्रोचं कुठलंही ध्वनिमुद्रण लगोलग लावा, आणि दोन्हींत बासच्या गजावरच कान ठेवा. सुरावट कुठे पळून जात नाही. ती दुसऱ्या वेळी ऐका.